चंब्याला पोहोचेपर्यंत

पुंडलिक दाभाडे आमच्या कारखान्यात फिटर होता. औरंगाबादेत चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत तेव्हा दर महिन्याला एखादी नवी शेड उभी राहायची. आमच्या शेडमध्ये दवाखान्यांसाठी ऑटोक्लेव्ह बनायचे, म्हणजे ऑपरेशनची हत्यारं वाफेवर निर्जंतुक करायची यंत्रं. मी सर्जेराव, टाइम ऑफिसात कारकून. सकाळी सगळ्यांच्या हजेऱ्या मांडायचो आणि दिवसभर तिथला एकुलता एक टेलिफोन सांभाळायचो.

१९७८च्या जुलैत हिमाचलातल्या चंबा गावाहून तार आली. तिथल्या दवाखान्यातल्या आमच्या यंत्राचा सेफ्टी व्हॉल्व्ह गेला होता आणि ऑपरेशनं थांबली होती. मॅनेजरनी पुंडलिकला बोलावलं. तो जायला तयार होता, पण त्याला लवकर परत यायचं होतं.

"साहेब, आपल्या बगलंलाच विमानतळ हाय. विमानानं धाडा की."

"चंब्याला विमानतळ नाही बाबा," मॅनेजर म्हणाले, "रेल्वेही नाही. पठाणकोटपर्यंत गाडी, तिथून पुढं डोंगरातनं बस."

पुंडलिकच्या घाईचं कारण आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव मुंबईत त्याच आठवड्यात यायचा होता. मुकुंदवाडीच्या बौद्ध वस्तीत पुंडलिकची खोली होती. संध्याकाळ झाली की तिथं नामांतराशिवाय दुसरं बोलणं नसायचं. त्याची आई गोजरबाई आणि धाकटा भाऊ कचरू मात्र गावी असत, पिशोरच्या पुढं डोंगराच्या पायथ्याशी एका लहानशा खेड्यात.

सत्तावीस तारखेला सकाळी तो मनमाडच्या गाडीत बसला. व्हॉल्व्ह गोणपाटात गुंडाळून मांडीवर घेतला होता. मनमाडला गाडी बदलली, दिल्लीला पुन्हा बदलायची होती. दिल्लीच्या फलाटावर हिंदी वर्तमानपत्रात त्यानं ठराव मंजूर झाल्याची बातमी वाचली. आनंद कुणाला सांगावा ते कळेना. शेवटी शेजारी बसलेल्या एका सरदारजीला त्यानं चहा पाजला. सरदारजीला यातलं काही कळलं नाही, पण त्यानं पाठीवर थाप मारली.

पठाणकोटला उतरला तेव्हा स्टेशनबाहेर लष्करी गाड्यांची रांग होती. एक जवान दुसऱ्याशी मराठीत बोलताना ऐकू आला. पुंडलिक धावत गेला. जवान वैजापूरचा निघाला.

"औरंगाबादचे का?" जवानानं आवाज खाली घेतला. "दादा, घरची खबर हाय का काही? रेडिओवर सांगितलं. मराठवाड्यात लई जाळपोळ चाललीय. नामांतरावरनं. बौद्धांच्या वस्त्या जाळल्यात म्हणं."

"कोणत्या गावच्या?"

"गावांची नावं नाय सांगत रेडिओ."

पुंडलिकनं पोस्टात जाऊन मला तार केली, 'आई कचरू खबर कळवा.' पण खबर कळवायची कुठं, हे लिहायचं तो विसरला. बसमध्ये बसल्यावर ते ध्यानात आलं आणि त्यानं कपाळावर हात मारून घेतला. पुढचे सहा तास, तो मला नंतर म्हणाला, बस पुढं जात होती आणि त्याचं मन मागं पळत होतं. वळणं संपत नव्हती. प्रत्येक वळणावर वाटायचं, इथं उतरावं.

बनीखेत मागं टाकल्यावर बस थांबली. समोर रस्ताच नव्हता. अख्खी दरड खाली आली होती, चिखलात देवदाराची झाडं आडवी पडली होती. पलीकडं चंब्याची बस उभी होती. माणसं सामान डोक्यावर घेऊन दरडीवरून ओलांडत होती. अलीकडची बस वळून पठाणकोटला निघाली होती.

पुंडलिक त्या वळलेल्या बसमध्ये जाऊन बसला. खाली उतरला. परत चढला. वरून दगड घरंगळत होते आणि कंडक्टर शिटी वाजवत होता. परत फिरलं तर चार दिवस गाडीत, आणि त्या चार दिवसांत काहीच कळणार नाही. त्यानं कंडक्टरला विचारलं, "चंबा में टेलिफोन है?"

"है, क्यों नहीं. डाकखाने में है, अस्पताल में भी है."

तो उतरला. टॉवेलानं व्हॉल्व्ह पाठीशी बांधला आणि दरडीवर पाय घातला. गुडघ्यापर्यंत पाय रुतत होते. एक खेचरवाला पुढं चालत पाय कुठं ठेवायचा ते दाखवत होता. त्या अर्ध्या तासात, पुंडलिक म्हणायचा, घरचा विचार आला नाही. पलीकडच्या बसमध्ये बसला आणि तो विचार पुन्हा आला.

इकडं एक ऑगस्टला दुपारी आमच्या गेटवर गोजरबाई आली. सोबत खांद्यावर घोंगडी टाकलेला एक धनगर होता, केरबा. एकोणतीसला त्यांच्या वस्तीला आग लावली होती. केरबाची मेंढरं डोंगरावर होती. धूर दिसला तसा तो खाली आला. कचरूच्या डोक्यात दगड बसला होता. केरबानं बिऱ्हाड लादायच्या आपल्या घोड्यावर त्याला बसवलं, गोजरबाईच्या अंगावर घोंगडी टाकली आणि दोघांना मेंढरांसोबत डोंगरातनं कन्नडकडं नेलं. वाटेत कुणी विचारलं तर म्हणायचा, "माझी मावशी हाय. पोरगा तापानं फणफणलाय." एसटी बंद होती. कन्नडहून एका ट्रकवाल्यानं त्यांना शहरात आणलं. कचरूला घाटी दवाखान्यात दाखल केलं होतं, तो शुद्धीवर नव्हता.

मी खुर्ची दिली तरी गोजरबाई जमिनीवरच बसली.

"पुंडलिकाचा फोन आला तर कचरूचं सांगू नगंस, दादा. तिथं येकटा हाय त्यो."

मी व्हय म्हणालो. हेही सांगायला हवं, की त्या दिवसांत नामांतराच्या विरोधातल्या मोर्चांत माझ्या भावकीतली पोरं होती. गोजरबाईला ते ठाऊक नव्हतं. तिनं मला दादा म्हटलं, तेव्हा मी टेबलावरच्या कागदांकडं बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी चार वाजता चंब्याचा ट्रंक कॉल लागला. पुंडलिकनं तो सकाळीच दवाखान्यातून लावायला सांगितला होता आणि वाट पाहता पाहता व्हॉल्व्ह बसवला होता. तीनदा बोल्ट उलटे आवळले होते. डॉक्टरीणबाईंनी चहा दिला होता, तो तसाच गार झाला होता.

"सर्जेराव? आई?"

"आई हाय. मुकुंदवाडीला, तुझ्या खोलीवर. मी डोळ्यानं पाहिली."

"कचरू?"

"कचरू पण हाय."

"कुठं हाय? त्याला..." एवढ्यात लाइन तुटली. मी 'हॅलो, हॅलो' ओरडत राहिलो, पण खरं सांगायचं तर लाइन तुटली म्हणून मला हायसं वाटलं.

यंत्र चालू झालं. पुंडलिक त्याच वाटेनं परतला. आठ तारखेला घरी जाऊन आल्यावर तो माझ्या टेबलापाशी आला.

"घाटीत कचरू पडलाय, अन् तू मला हाय म्हणालास."

"आईनं सांगितलं होतं."

"आईनं सांगितलं तरी तू सांगायचं होतंस. मी चार दिस गाडीत निवांत झोपलो रे. त्याची मला लाज वाटती."

त्यानंतर दिवाळीपर्यंत हजेरीला तो कार्ड टेबलावर ठेवायचा आणि न बोलता निघून जायचा.

कचरू वाचला. डाव्या कानानं ऐकू येईना. पुढं आमच्याच शेडमध्ये हेल्पर म्हणून लागला. गोजरबाई गावी परत गेली नाही. केरबाला त्याच्या गावातल्या काहींनी बोल लावले. तो त्या बाजूला मेंढरं नेईनासा झाला. पुंडलिक त्याला भेटायला दरसाल डोंगरात जायचा. नामांतराच्या मोर्चांत तो कायम असायचा, दोनदा अटकही झाली. विद्यापीठाला अखेर १९९४च्या जानेवारीत बाबासाहेबांचं नाव जोडलं गेलं, तेव्हा त्या पहिल्या ठरावाला जवळजवळ सोळा वर्षं झाली होती. गोजरबाई त्याआधीच गेली होती.

त्या दिवशी दोघे भाऊ माझ्या घरी आले. "चल सर्जेराव, विद्यापीठाच्या गेटापर्यंत जाऊ," पुंडलिक म्हणाला. रस्त्यात निळ्या झेंड्यांची दाटी होती आणि घोषणांनी कानठळ्या बसत होत्या. मी कचरूच्या उजव्या बाजूनं चालत होतो आणि माझ्या भावकीतली पोरं त्या वेळी कुठल्या मोर्चात होती, ते त्याला सांगत होतो. ऐकून घेतलं त्यानं. मग म्हणाला, "सोळा वर्षं लागली व्हय तुला?"