कुंपणावरची पिन

काल माझ्या बायकोने, नलूने, बांगडीतली सेफ्टी पिन काढून माझ्या कोटाला बटणाच्या जागी लावली, आणि मला ऐंशीच्या दशकातली स्कॉटलंडच्या उत्तर टोकाची एक संध्याकाळ आठवली.

तालुक्याच्या शाळेतून आलेला, घरातला पहिला डॉक्टर मी. पण दोन-दोन आठवड्यांच्या लोकम, म्हणजे रजेवरच्या डॉक्टरच्या जागी बदलीच्या, नोकऱ्या करत गावोगाव फिरून आम्ही दोघंही थकलो होतो. "मी भारतात परत जाते, तुम्ही या मागाहून," असं नलू सकाळीच म्हणाली होती.

ओसाड माळावर गाडी थांबवून मी आमचा छोटा शॉर्टवेव्ह रेडिओ लावला. नुसती खरखर. नलूने बांगडीतली पिन काढली आणि एरियलची वायर मेंढ्यांसाठीच्या लांबलचक तारेच्या कुंपणाला जोडली. आधी शिट्ट्या, मग कुठलीशी परकी भाषा, आणि अचानक एका बाईच्या घोगऱ्या आवाजात दिल्लीच्या बातम्या!

"बाईला सर्दी झालीय वाटतं," नलू हसली. "डॉक्टर, औषध द्या तिला."

बातम्या संपल्यावर मी पिन काढायला गेलो.

"राहू द्या हो. उद्या परत ऐकू."

तेव्हा वाटलं, तिने राहायचं ठरवलं. आता वाटतं, तिच्यात सामान बांधायचंही त्राण उरलं नव्हतं. कसंही असो, ती गेली नाही; त्या 'उद्या'चा मी ऋणी आहे.