गॅरेजमधल्या खोलीचं तापमान

"बरं हा आकडा नाही," असं तो म्हणायचा, आणि म्हणताना उजव्या हाताचं बोट वर धरायचा. कुणी रस्त्यात "कसं काय, बरं ना?" एवढं विचारलं तरी हेच. नाव सांगत नाही. तुमच्याही ओळखीत असा एक असणारच, त्याचं घाला. ग्लासगोत आमची भिंतीला भिंत होती. आता ते लोक खाली इंग्लंडात, रीडिंग गावाला गेलेत, म्हणून तर लिहायचं धाडस करतेय.

मूळचा नागपूरचा, नोकरी सॉफ्टवेअरमध्ये, माणूस हुशार. हुशारीबद्दल वाद नाही. त्या हुशारीने एक तरी वस्तू वेळेवर घरात आणली का, याबद्दल आहे. गादी घ्यायची ठरली तेव्हा नवराबायको दोन महिने जमिनीवर झोपले. शेवटी एक पसंत पडली, तर ती बाजारातून गेलेली. याला त्याचं काही नाही. "म्हणजे माझी निवड बरोबर होती, चांगलं काही टिकतच नाही मार्केटमध्ये," म्हणाला. बायको हॉस्पिटलात नर्स. शिफ्ट करून यायची आणि जमिनीवर आडवी व्हायची. तिच्या सोशिकपणाला मी हात जोडते.

त्या वर्षी ऑक्टोबरात त्याची आई आली. वडील जाऊन दोन वर्षं झाली होती, काकू नागपुरात एकट्या. जमलं तर दरवर्षी हिवाळ्यात सहा महिने मुलाकडे राहायचं, असा बेत होता. पण गुडघ्यांमुळे त्यांना जिना चढवेना आणि खाली झोपायला खोली एकच, गॅरेजची केलेली. आधीच्या मालकाने तिथे लाकडी जमीन घातली, खिडकी बसवली, आणि रेडिएटर काही बसवला नाही. म्हणजे काकूंचं दरवर्षीचं येणं त्या खोलीत ऊब येते का, यावर येऊन ठेपलं.

उपाय त्याला पहिल्याच दिवशी सापडला. उपाय त्याला नेहमीच पहिल्या दिवशी सापडायचा. भिंतीवरचा हीट पंप. आपल्याकडच्या स्प्लिट एसीचाच भाऊ, एक पेटी बाहेर, एक आत, डक्ट-बिक्ट काही नाही, आणि बाहेरच्या हवेतली ऊब ओढून आत सोडतो. ग्लासगोच्या हवेत ऊब कुठली, असं मी बोलून गेले आणि चाळीस मिनिटं ऐकून घेतलं. मला कळलं ते एवढंच, की बाहेर गारठा वाढला की या यंत्राचा दम कमी होतो, आणि कंपनी मोठ्या अक्षरात लिहिते ती ताकद बेताच्या थंडीतली असते.

"खरा प्रश्न काय, ताई? उणे सातला किती देतं?"

एक फिटर येऊन गेला. इथलाच, म्हातारा, मोजकं बोलणारा. त्याने भिंतीवर हात ठेवला, दाराखालची फट पाहिली आणि सांगितलं, भिंती पातळ आहेत, लहान यंत्र घेऊ नका, मोठं घ्या, मंगळवारी बसवून देतो. सगळं दहा मिनिटांत. याला ते अपमानासारखं लागलं. हात ठेवून कुठे खोली कळते का? फिटरला चहा देऊन वाटेला लावलं.

मग मोजणी सुरू झाली. काकूंच्या उशाशी एक पांढरी डबी आली, ती दर पाच मिनिटांनी खोलीचं तापमान त्याच्या फोनवर पाठवायची. खोली मुळात किती गार होते हे कळल्याशिवाय यंत्र कसं निवडणार? आणि ते कळायचं तर खोलीत हीटर लावून चालणार नाही. तीन आठवड्यांचाच प्रश्न होता म्हणे. बायकोने एकदा दुपारी गुपचूप छोटा हीटर लावला, तर संध्याकाळी जेवायच्या टेबलावर आलेखातल्या तीन वाजताच्या उंचवट्याची चौकशी झाली. तीन आठवडे संपले, पण त्याला हवी तशी थंडी काही पडेना. नुसता पाऊस आणि चार अंश. अख्खं ग्लासगो खूश होतं आणि हा उणे सातची वाट बघत बसलेला. मोजणी वाढली.

काकू दुपारी आमच्याकडे येऊन बसायच्या. पाठ रेडिएटरला टेकवून, अंगात मुलाचं जुनं जाकीट, डोक्याला मफलर. "मेहनत करून राहिला ना तो," म्हणायच्या. मी त्याला एकदा चांगलं झापलं. अरे, एक हीटर लाव आणि तुझं संशोधन चालू दे. त्याने बोट वर केलं आणि फोन दाखवला. पहाटे पाचनंतर खोली आपोआप दोन-तीन अंशांनी चढते म्हणे, रोजच्या रोज. भिंती दिवसभराची उष्णता धरून ठेवतात आणि पहाटे परत देतात. हे त्याने मंडळाच्या संक्रांतीला तिळगूळ घेणाऱ्या दोन डॉक्टरांनाही समजावलं. ते बिचारे हो म्हणाले. लोक घाबरत त्याला.

जानेवारीच्या शेवटी काकूंना खोकला लागला, मग ताप. औषधाने उतरला, पण इथल्या डॉक्टरीणबाईंनी गार खोलीबद्दल बायकोला चार शब्द ऐकवले, आणि काकू मुकाट परतीचं लवकरचं तिकीट काढायला सांगून मोकळ्या झाल्या. सहा महिन्यांचे चार झाले.

जायच्या दिवशी माझी गरम पाण्याची पिशवी परत द्यायला आल्या. डिसेंबरात मीच दिली होती. उपयोग झाला का, असं सहज विचारलं.

"मले कुठे, त्या डबीले झाला," म्हणाल्या. "सकाळी आकडा पाहून त्याचं तोंड एवढंसं होऊन जायचं. मग पहाटे उठली की मी पिशवी त्या डबीपाशी ठेवत गेली. सांगू नको त्याले."

मला आधी हसू आलं. मग इतका राग आला, की मी कितीतरी वेळ ती पिशवी हातात घेऊन स्वयंपाकघरात उभी होते.

मार्चमध्ये यंत्र आलं. लहान. भिंती उष्णता धरतात ना. वसंतात ते उत्तम चाललं, मला बोलावून दाखवलं, मीही छान म्हटलं. काकूंना शब्द दिला होता. काकू त्या ऑक्टोबरात आल्या नाहीत. गुडघे, खोकला, पुढच्या वर्षी बघू, असं चाललं होतं.

आणि जानेवारीत उणे आठ झालं. रविवारी दुपारी त्याने मला हाक मारली. खोलीत कोट घालून बसला होता. यंत्र धापा टाकत होतं, मधेच बाहेरच्या पेटीवरचा बर्फ वितळवायला थांबत होतं, आणि खोली पंधराच्या वर सरकत नव्हती. त्याने मागच्या वर्षीचा आलेख काढलेला. रोज पहाटेचा तो उंचवटा बोटाने दाखवत म्हणाला, "यंदा भिंती काहीच देत नाहीत, ताई. तेव्हा कशा देत होत्या?"

शब्द मोडायचा नव्हता मला. पण त्याचं बोट त्या उंचवट्यांवरून पुढे पुढे सरकायला लागलं आणि मला ते बघवेना.

"भिंती नाही रे. तुझी आई देत होती," म्हटलं, आणि पिशवीचं सगळं सांगून टाकलं.

त्याने किती अंशांचा फरक, किती मिनिटं, काही विचारलं नाही. आलेख बंद केला आणि नागपूरला फोन लावला. स्पीकरवरच. मी उठायला लागले तर हातानेच बस म्हणाला. काकूंनी जेवलास का विचारलं, सूनबाईची ड्यूटी विचारली, मग विचारलं, थंडी फार पडली म्हणतात तिकडे, तुझी मशीन करते का रे खोली गरम?

त्याने भिंतीवरच्या आकड्याकडे पाहिलं. पंधरा.

"बावीस आहे आई," तो म्हणाला. "मी नुसत्या शर्टावर बसलोय."

"पाहा," काकू तिकडून म्हणाल्या, "मी सगळ्यांले सांगत होती, तो उशीर लावते, पण करते बरोबर."