माझ्या नंबरवरून गेलेली पत्रिका

माझं शिक्षण चौथीपर्यंत. वाचता येतं, सही येते, फोन चालवता येतो. फसणारी माणसं वेगळी असतात, हावरट नाहीतर बावळट, असं मला वाटायचं. आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त साहेबांना फोनवर वर्दीतला माणूस दिसला. 'तुम्हाला अटक झाली आहे, कॅमेऱ्यापुढून हलू नका, कोणाशी बोलू नका,' असं तो म्हणाला. साहेब दोन दिवस स्वतःच्याच खोलीत अटकेत बसले. बायको चहा घेऊन आली तर तिच्यावर डोळे वटारले. हे ऐकून मी हसले होते. एवढा शिकलेला माणूस आणि फोनमधल्या पोलिसाला भ्याला, म्हटलं.

मी नागपूरला मुलाच्या घरी असते, माझी धाकटी बहीण तिकडे कुहीजवळच्या खेड्यात एकटी राहते. नवरा गेला, मूलबाळ नाही. वाटणीत आलेले पैसे ती डब्यात घालून धानाच्या पोत्याआड ठेवायची. मी भांडून ते बँकेत टाकायला लावले. म्हातारपणी तिला तेवढाच आधार. बँकेचे मेसेज यावेत म्हणून माझा जुना फोन तिला दिला आणि दोन गोष्टी बजावल्या. अनोळखी नंबर उचलायचा नाही. आणि माझ्याकडून आलं असेल तेवढंच उघडायचं. दुसऱ्या कोणाचंही नाही. ती मला बाई म्हणते, लहानपणापासून माझं ऐकते. मी नको म्हटलेलं तिने कधी केलं नाही आणि मी कर म्हटलेलं कधी टाळलं नाही.

तुळशीचं लग्न झालं की फोनवर पत्रिका सुरू होतात. पूर्वी दारी पत्रिका आली की तिला हळदीकुंकू लावायचं, देवापुढे ठेवायची, मग वाचायची. फोनवरच्या पत्रिकेला कुंकू लावता येत नाही. पण ती उघडून आशीर्वाद लिहून पाठवला नाही, तर पुढे मांडवात टोमणा ठरलेला, 'तुमाले कायची पत्रिका दिसते, मोठी माणसं तुमी.' म्हणून मी आलेली पत्रिका लगेच उघडते.

त्या दिवशी सकाळी नरखेडकडच्या पुतण्याच्या नंबरवरून पत्रिका आली. त्याच्या मुलीचं जमत नव्हतं. चार-पाच वर्षं सगळे वाट पाहत होते. मला आनंद झाला. मेथी निवडता निवडता दाबलं. फोटो आला नाही, फोनच काही विचारायला लागला. हे ॲप फोनमध्ये टाकू का, मेसेज वाचू देऊ का, अजून काय काय. मी प्रत्येकाला हो दाबलं. पत्रिका काही उघडली नाही. नेटवर्क नसेल असं समजून फोन बाजूला ठेवला आणि मेथी निवडून संपवली.

तासाभराने भजनातली मैत्रीण फाटकातूनच ओरडली, "काहून वं, कोणाचं लगन होय? तुह्या पत्रिकेत तं काईच निंगत नाई."

"मी कोठं पाठवली पत्रिका?"

"हे पाह्य नं मंग. तुहाच फोटो आहे. आता विसरूनबी राहिली का?"

तिच्या फोनवर माझा फोटो होता, माझं नाव होतं. खाली 'लग्नपत्रिका, नक्की या' असं लिहिलेलं. मी लिहिलेलं नव्हतं.

सून त्या दिवशी घरूनच ऑफिसचं काम करत होती. तिला हाक मारली. तिने माझा फोन बघितला, कानातल्याच्या काडीने त्यातलं सिम काढलं आणि फोन बंद केला. मैत्रिणीचाही फोन घेऊन बंद केला.

"आई, उघडली कशाला?"

"पत्रिका होती."

"पत्रिका नव्हती ती. त्याच्यातून चोर फोनमध्ये शिरला."

"फोन तं माह्या हातात आहे."

"हातात तुमच्या आहे, पण चालवून दुसराच राहिला. बँकेचे मेसेज तो वाचतो. आणि तुमच्या फोनमध्ये जेवढे नंबर होते तेवढ्यांना हीच पत्रिका गेली. कोणी उघडली की त्याचाही फोन गेला."

जेवढे नंबर होते तेवढ्यांना. मी मटकन खाली बसले. मैत्रीण म्हणाली, "बाप्पा, पाणी द्या इले." मला पाणी नको होतं. मला बहीण दिसत होती. ती पदराला हात पुसते, फोन हातात घेते, बाईचं आलं म्हणून दाबते. विचारेल त्याला हो, हो, हो म्हणते. मी शिकवलं तसंच.

बहिणीचा नंबर मला पाठ होता, सुनेने आपल्या फोनवरून तिला लावलं. घंटी वाजली आणि थांबली. पुन्हा लावलं, पुन्हा तेच.

"उचलत नाही," सून म्हणाली.

"नाही उचलणार. तुहा नंबर तिले माहीत नाही. मीच सांगितलं आहे."

तिच्या गावातल्या दुसऱ्या माणसांचे नंबर माझ्याच फोनमध्ये होते, आणि तो आता चालू करायचा नव्हता. मुलगा नोकरीला परगावी. सुनेला माझं खातं थांबवायला बँकेत जायचं होतं, सायबरच्या सरकारी मदत क्रमांकावर तक्रार द्यायची होती, त्यात जितका उशीर तितकं नुकसान. मी चप्पल घातली आणि कुहीच्या एसटीला निघाले.

माझ्या वयाला एसटीत तिकीट लागत नाही, आधार कार्ड दाखवावं लागतं. कंडक्टरने कार्ड हातात घेतलं आणि मला वाटलं, हा नंबर तर बघून घेत नाही ना? कार्ड ओढूनच घेतलं. तो म्हणाला, "आजी, खाऊन नाही राहिलो तुमचं कार्ड." लोक हसले. माझ्या शेजारची बाई फोनवर बोटाने वर वर सरकवत होती. पुढचा माणूस मोठ्याने बँकेचा हिशेब सांगत होता. सगळ्यांच्या हातात ती वस्तू, आणि कोणीही भीत नव्हतं. मी वडिलांना भ्याले नाही, सासूला भ्याले नाही. त्या बसमध्ये मात्र भ्याले. चोर दारातून आला असता तर मी त्याला दांडक्याने हाणलं असतं. हा माझा फोटो लावून माझ्या बहिणीच्या घरात शिरला होता, आणि दार मीच उघडून दिलं होतं.

फाट्यावर उतरून जमेल तसं पळत गेले. बहीण अंगणात सुपाने धान पाखडत होती. मला बघून सूप ठेवलं.

"बाई, तू? अशी एकाएकी? शिवू नको मले, सुतक आहे."

"फोन कोठं आहे?"

"खुंटीवर, थैलीत. श्वास तं घे."

"पत्रिका उघडली का?"

"आली नं. पण उघडली नाही."

मला खरं वाटेना. तिने लवकर सांगावं म्हणून मी तिच्या दंडाला धरलं. सुतक होतं ते विसरूनच.

"काहून नाही उघडली?"

"अवं, चुलत सासरे वारले परवा. सुतकात लगनाची पत्रिका हाती घेते का कोणी? वरतं लिहिलं होतं लग्नपत्रिका, तेवढं वाचलं नं ठेवून देला फोन. दहावं झालं का पाहीन म्हटलं. कोणाची होय?"

मी तिथेच धानाशेजारी बसले. एका मेलेल्या म्हाताऱ्याने तिचे पैसे वाचवले. माझ्या शहाणपणाने नाही. तो आठवडाभर उशिरा मेला असता तर तिने पत्रिका उघडलीच असती.

सगळं सांगितलं. तिला पटायला वेळ लागला. "पण तुह्या नावानं आली होती," हेच ती म्हणत राहिली. मी थैलीतून फोन काढला. मेसेज पुसायला बोट लावायची हिंमत झाली नाही, चुकून उघडला तर? म्हणून फोन बंद केला, फडक्यात बांधला आणि परतीच्या बसमध्ये मांडीवर घेऊन नागपूरला आणला. सुनेने तो साफ करून दिला. माझ्या खात्यातून मात्र काही गेलं होतं. किती ते सांगणार नाही, सांगून परत येत नाही. पुतण्याचा फोनही असाच गेला होता. मुलीचं लग्न अजून जमलेलं नाही.

सून म्हणाली, फोटो नसेल, काही टाकायला सांगत असेल, तर दाबायचं नाही. कोणाचंही असो. आधी दुसऱ्या फोनवरून त्याला विचारायचं. सुनेचा नंबर आता बहिणीच्या फोनमध्ये आहे. आणि चोर म्हणे आवाजही काढतात, हुबेहूब आपल्या माणसाचा. म्हणून आम्ही बहिणींनी एक प्रश्न ठरवला. आमच्या आईबद्दलचा आहे, उत्तर आम्हा दोघींनाच माहीत. तो इथे लिहिणार नाही.

मागच्या आठवड्यात मी तिला भजनाचा फोटो पाठवला. लगेच तिचा फोन आला.

"तू पाठवलं का काही?"

"हाव, फोटो आहे. पाह्य."

"पहिले प्रश्नाचं सांग."

"अवं मीच बोलून राहिली नं! आवाज नाही ओळखत का बहिणीचा?"

"आवाजाचं काय घेऊन बसली? सांग, नाहीतं ठेवते."

सत्तर वर्षांत ती माझ्याशी असं बोलली नव्हती. मला राग आला. उत्तर सांगितलं. ती म्हणाली, "आता पाहते," आणि फोन ठेवला. मी तसाच फोन हातात धरून बसले. माझ्या एका शब्दावर डोळे मिटून चालणारी बहीण आता राहिली नाही. तेच बरं झालं. तरी फोन वाजला की मी अजून भिते, आणि तो उचलायच्या आधी हात पदराला पुसते.