नातीसाठी पाठवलेला पाळणा आणि बिबवेवाडीची फेरी

माझं शिक्षण चौथीपर्यंतच, तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या. पण नातीला भेटायला गेलेली आजी गप्प कशी बसेल? बारशाला पाहिली तेव्हा मुठीएवढी होती. आता म्हणे हसते! मुलगा फोनवर "आई, सवडीनं ये" म्हणाला आणि मी दुसऱ्या दिवशीच पिशवी भरली. डिंकाचे लाडू, बाजरीचं पीठ, दोन झबली.

आमच्या गावाहून स्वारगेटची बस सकाळी लवकर पकडावी, नंतर उभं राहावं लागतं. डाव्या खिडकीत बसा, खडकवासल्याचं पाणी पार धरणाच्या भिंतीपर्यंत सोबत असतं. मी मात्र पाण्याकडे कमी आणि शेजारणीकडे जास्त पाहत होते, कारण तिला नातीचे फोटो दाखवायचे होते. ती बिचारी धायरीला उतरली, तोवर सगळे पाहून झाले होते. स्वारगेटला चहा घेतला आणि पुढे रिक्षा केली. बिबवेवाडीत इमारतीचं नाव सांगून भागत नाही, जवळचं दुकान सांगावं लागतं.

दार उघडताच छकुली हसली. खरंच हसली! पण दंडावर बघते तर लाल गांध्या, तीन, एका ओळीत. मानेवरही तशाच.

"तेलाचं झालंय, आई," सूनबाई केतकी म्हणाली. "सखूबाईंना काढलं मागच्या आठवड्यात. सोसायटीच्या ग्रुपवरही टाकलं, बाकीच्यांनी सावध राहावं म्हणून."

सखूबाई म्हणजे बाळाला मालीश करणारी.

"आणि आता तेल बंद आहे ना?"

"हो."

"मग या गांध्या कालच्या कशा?"

केतकी पेठेतली, तिला उत्तर शोधावं लागत नाही. पण त्या वेळी ती बाळाचं झबलं सारखं करू लागली.

दुपारी बाळाला तिच्या मांडीवर दिलं आणि पाळण्यातली पांढरी गादी उचलली. शिवणीत शाईचे टिपके असावेत तसे काळे ठिपके. ओलं बोट फिरवलं तर तांबूस ओघळ. चादरीवर गंजासारखे डाग, सांध्यात कोंड्यासारखी पोकळ टरफलं. नाक जवळ नेलं आणि कुजक्या कोथिंबिरीचा तो वास आला. लहानपणी आमच्या घरात खाटा उन्हात आपटायचे, तेव्हापासून ओळखते मी तो. ढेकूण. दोरी ओवायच्या भोकात तर चपटे, तपकिरी, नुसते खच्चून बसलेले. मोठ्या पलंगाच्या एका कोपऱ्यात थोडेच होते.

पाळणा माझा होता. आमच्यात पहिल्या बाळाला विकतचा पाळणा घेत नाहीत, ज्या घरात लेकरं वाढली तिथला आणतात. आणि पाळणा रिकामा ठेवत नाहीत. म्हणून इतकी वर्षं तो माझ्या खाटेशेजारी, माझ्याच अंथरुणातल्या गोधड्या भरून ठेवलेला. सून माहेरून आली तेव्हा गोधड्या काढल्या, फडक्यानं पुसला आणि मोठ्या कौतुकानं टेम्पोत चढवला.

हातात अर्धा लाडू होता, तो खाली ठेवला. गप्प बसता आलं असतं. मुलगा तेच म्हणाला, "जाऊ दे आई, कुणाला सांगू नकोस. आपण औषध मारून घेऊ."

"आणि सखूबाई?"



मी खाली गेले. सखूबाईचं याच सोसायटीत अजून एक काम टिकलं होतं, ते उरकून ती पार्किंगमध्ये चपला घालत होती. तिला सगळं सांगितलं.

"आज्जी, मला सांगून काय उपेग हाय?" ती म्हणाली. "माजे हात मला ठावं हायेत. तीन घरं सुटली माजी. ज्यांनी काढली त्यांना सांगा."

वर येऊन केतकीला म्हटलं, ग्रुपवर लिही, पाळणा आजीचा होता, ढेकूण आजीच्या घरचे. तिनं लिहिलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझंही नाव घातलंय. काढलं मी होतं."

मुक्काम केला नाही. माझ्या लुगड्यातून अजून काही येत असेल तर? निघताना छकुलीनं हात पुढे केले आणि मी माझे पाठीमागे घेतले. येताना बसमध्ये जागा रिकामी होती. कंडक्टर म्हणाला, "आजी, बसा की!" मी गावापर्यंत उभी राहिले.

घरी आल्या आल्या खाटेवरची गोधडी उलटली. चट्ट्यापट्ट्यांच्या कापडात मला कधी दिसलंच नव्हतं. तेच ठिपके, तीच टरफलं. किती दिवस माझ्यावर पोसले कोण जाणे. म्हाताऱ्या कातडीला खाजसुद्धा आली नाही. तुम्हीही कुणाच्या बाळासाठी जुनं काही पाठवाल तर आधी सांधे उघडून बघा, पुसून काही होत नाही.

आठवड्यानं केतकीचा फोन आला तेव्हा मी अंगणात खाट उभी करून फटींत उकळतं पाणी ओतत होते.

"आई, सखूबाई आल्या आजपासून."

"आणि बाकीची दोन घरं?"

"त्यांनी दुसरी बाई ठेवलीय. म्हणाले, आता कशाला बदलायची."

पलीकडे छकुली ओरडून खिदळत होती. ऐकत राहिले थोडा वेळ. मग फोन ठेवला आणि चुलीवर दुसरं पाणी चढवलं.