चष्मेवाली मल्लव्वा

मॉलीनं माझं नाव विचारायच्या आधी माझा चष्मा काढला. धारवाडच्या मळमड्डीत आमच्या दारात ती पहिल्यांदा उभी राहिली तेव्हाची गोष्ट. मी हात जोडले, स्वागताचं चांगलं घोटून ठेवलेलं इंग्रजी वाक्य तोंडात आणलं, तोवर या सहा फुटी गोऱ्या बाईनं दोन्ही हातांनी माझ्या नाकावरचा चष्मा अलगद उचलला, आपल्या सदऱ्याच्या टोकानं पुसला, उजेडाकडे धरून पाहिला, डावी दांडी जराशी वाकवली आणि परत जागेवर बसवला. "हं, आता बोला," म्हणाली. धारवाडात तीस वर्षं कॉलेजच्या पोरांना इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली मी ते वाक्य मराठीतच बोलून गेले. चष्मा मात्र त्या दिवसापासून घसरायचा थांबला.

तिला माझ्याकडे आणलं होतं आमचे शेजारी सॅम्युएल मास्तर यांनी. त्यांच्या चर्चच्या ओळखीनं स्कॉटलंडहून नऊ माणसं दोन आठवड्यांसाठी सेवा करायला आली होती, स्वतःची रजा आणि स्वतःचं विमानाचं तिकीट काढून. अळणावरजवळच्या एका खेड्यात ती डोळे तपासणार, जवळचं दिसण्याचे चष्मे वाटणार. मास्तरांची अडचण एवढीच, की त्या खेड्यातली घरं मराठी बोलणारी आणि मास्तरांचं मराठी बाजारापुरतं. "मेडम, नीव बर्रि, तुम्ही याच. नुसतं इकडचं तिकडे सांगायचं," ते म्हणाले. इकडचं तिकडे सांगणं म्हणजे किती मोठी गोष्ट असते ते तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

हुबळीत आमच्या माहेरचं कापडाचं दुकान आहे. धाकट्या भावाला कळलं तसा त्याचा फोन आला, "आक्का, बाटवतील हं तुला!" मी म्हटलं, "अरे, चष्म्यानं माणूस बाटत असता तर तुझी निम्मी गिऱ्हाइकं केव्हाच बाटली असती." पण खरं सांगायचं तर कुतूहल मलाही होतंच. एवढ्या लांबून, ना ओळख ना पाळख, ही माणसं कशासाठी येतात? पहिल्याच दिवशी टेंपोत मॉलीच्या शेजारी बसून मी तिला सरळ विचारलं, "तुम्हाला या लोकांना ख्रिस्ती करायचंय का?" ती रागावली नाही. खिडकीबाहेर बघत म्हणाली, "टीचर, मला फक्त चष्मे येतात. बाकीचं ज्याचं काम आहे त्याचं त्यानं बघावं."

समुद्रकाठच्या एका लहान गावात तिचं चाळीस वर्षं चष्म्याचं दुकान होतं. नवरा गेल्यावर ते मुलीच्या हाती देऊन ती मोकळी झाली होती. रोज सकाळी धारवाडजवळ रायापूरच्या मुक्कामी त्या नऊजणांची प्रार्थना होई. सगळे काय काय मागत. आजाऱ्यांसाठी, गावासाठी, आपापल्या घरच्यांसाठी. मॉलीचं मागणं एकच ओळीचं: "आज मला घाई होऊ देऊ नकोस." मी तिथं मागच्या खुर्चीवर बसून ऐकत असे. देवाकडे असलं काही मागता येतं हे मला नवीन होतं.

तिला मात्र सगळंच नवीन होतं. बाया कपाळाला लावतात ते बोटानं का, काडीनं का नाही? दुपारची भाकरी उभ्यानं का खातात? आणि कौदी! जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून शिवलेल्या आपल्या गोधडीला इकडे कौदी म्हणतात. ती बघितल्यावर मॉली जी खाली बसली ती उठेचना. टाके मोजले, उलटी करून पाहिली, कड हुंगलीसुद्धा. "ही कुणी शिवली? तिला आणा माझ्याकडे." अशी गंगव्वा आमच्या पुढ्यात आली.

गंगव्वा पंचावन्नच्या आसपासची. एकटी बाई. आसपासच्या चार वाड्यांतल्या कौद्या तीच शिवायची आणि त्यावरच तिचं पोट चालायचं. अंगानं काटक, बोलायला गोड. "मॉली" म्हणायला जीभ वळेना म्हणून 'मल्लव्वा' हे नावही तिनंच ठेवलं. संध्याकाळपर्यंत सगळं गाव मल्लव्वा म्हणायला लागलं. मॉलीला इतका आनंद झाला की तिनं ते रोमन लिपीत लिहून छातीवरच्या बिल्ल्याला चिकटवलं.

बायांना बाजारापुरती कानडी कळायची आणि मॉली येताना एक कानडी वाक्य पाठ करून आली होती: "छलो काणतैतेन?" म्हणजे, नीट दिसतं का? चष्मा चढवला की ती वाकून, डोळे मोठे करून हे विचारी. समोरची बाई पदरात हसून म्हणे, "छलो काणतैत्री!" मॉली टाळी वाजवी. पुढची बाई पुढे सरके. आपल्याकडे दारी आलेल्या पाहुण्याला, तेही सातासमुद्रापलीकडून आलेल्या, म्हाताऱ्या, घामाघूम झालेल्या पाहुण्याला, 'नाही दिसत' असं कोण म्हणणार? पुरणपोळी बिघडली तरी आपण दुसरी मागून घेतो. मला हे कळत होतं. मॉलीला कळायचं काहीच कारण नव्हतं.

गंगव्वाची पाळी आली. चष्मा चढला, प्रश्न झाला, "छलो काणतैत्री" झालं, टाळी झाली. उठताना गंगव्वानं माझ्या कानाशी लागून म्हटलं, "आक्का, घातलं काय आन् न्हाई घातलं काय, तसंच हाय बघा. बाजूचं कायबी दिसंना झालंय. पर तिला सांगू नकासा. एवढ्या लांबनं आलीया, वाईट वाटंल."

मॉलीनं विचारलं, "काय म्हणाली?"

मी म्हटलं, "म्हणाली, फार बरं वाटलं. तुम्हाला आशीर्वाद दिलाय."

हे वाक्य मी अगदी सहज बोलले. घरी येऊन नीट जेवले, नीट झोपले.

पुढच्या हिवाळ्यात मॉली परत आली. त्या वर्षी तिच्या डोक्यात निराळंच होतं. नवे चष्मे वाटायच्या आधी तिला जुने चष्मे बघायचे होते. "मी दिलेला चष्मा वर्षभरात कसा झिजला ते बघितल्याशिवाय मला माझं काम कळत नाही," ती म्हणाली. बरोबरची तरुण मंडळी कंटाळली, पण ही बया दारोदार निघाली. मागून मी.

पहिल्या घरात चष्मा मिळाला तो देव्हाऱ्यात. हळदकुंकू लावून, वर झेंडूचं फूल. दुसऱ्या घरात ट्रंकेत, लग्नाच्या शालूच्या घडीत. तिसऱ्या घरी आजोबांच्या तसबिरीला घातलेला. काही बाया खरंच वापरत होत्या, नाही असं नाही. पण पाचसहा घरं झाल्यावर मॉली एका कट्ट्यावर बसली. मला वाटलं, आता रडणार. ती विचार करत होती. "टीचर," ती म्हणाली, "या बायका रोज डोळे लावून असं कोणतं काम करतात, की ज्यात खोटं बोलताच येत नाही?"

मी म्हटलं, "तांदूळ निवडतात."

दुसऱ्या दिवसापासून मॉलीचं ते कानडी वाक्य बंद झालं. समाजमंदिराच्या ओसरीवर तिनं आठ सुपं मांडली. प्रत्येकात मूठमूठ तांदूळ आणि त्यात तिनं स्वतः मिसळलेले बारीक पांढरे खडे. चष्मा चढवायचा, सूप पुढे करायचं, आणि गप्प बसायचं. एक शब्द विचारायचा नाही. बाया आपसांत गप्पा मारत निवडत आणि मॉली बोटं कुठे अडखळतात ते बघत राही. एका बाईला पाच पाच चष्मे बदलून बघितले तेव्हा कुठे सहावा लागला. त्या बाईनं डोकं वर करून पहिल्यांदा आपणहून म्हटलं, "अगंबाई, ह्यो तर किडाबी दिसूलालाय!" मॉलीनं टाळी वाजवली नाही. नुसती मान हलवून पुढचं सूप भरायला घेतलं.

गंगव्वानं सूप घेतलं. मधले खडे पटापट वेचले. उजव्या बाजूचे सगळे तसेच राहिले. मॉलीनं सूप फिरवून दिलं. पुन्हा मधले वेचले, पुन्हा उजवीकडचे राहिले. तेव्हा मॉलीनं पेटीतून छोटी बॅटरी काढली, गंगव्वाची हनुवटी धरली आणि तिच्या डोळ्यांत फार वेळ बघत राहिली. तिचा चेहरा उतरलेला मी पहिल्यांदा पाहिला.

हुबळीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू. उजवा डोळा जवळजवळ गेलेला, डावा अर्धा शिल्लक. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली टिकवायला जन्मभर रोज थेंब घालायचे. मी हे सगळं गंगव्वाला सांगत असताना मॉलीनं मधेच माझा दंड धरला. "जसंच्या तसं सांग. साखर घालू नकोस." मग डॉक्टर इंग्रजीत मॉलीकडे वळून म्हणाले, "वर्षभर आधी आणलं असतंत तर तो डोळा बराच वाचला असता."

परतीच्या वाटेवर गंगव्वा मागच्या बाकावर झोपली होती. मॉली हळू आवाजात म्हणाली, "चूक माझी आहे. मी असा प्रश्न विचारत होते ज्याला एकच उत्तर देता येत होतं. चाळीस वर्षं हे काम केलेल्या बाईनं असा प्रश्न विचारू नये. मी आता परत येणार नाही, टीचर. मी इथं माझ्या समाधानासाठी येत होते." मी खिडकीबाहेर बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी ती निरोप घ्यायला घरी आली. मी चहा ठेवायला आत गेले, तशीच परत बाहेर आले आणि सांगून टाकलं. गंगव्वानं मला गेल्या वर्षीच सांगितलं होतं. मी तुला सांगितलं नाही. तुला वाईट वाटू नये म्हणून.

मॉलीनं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "तिचे शब्द सांग." मी इंग्रजीत सांगितले. "नाही, तिच्या भाषेत. ती बोलली तसे." मी तेही सांगितले. तिला त्यातलं एक अक्षर कळलं नसणार, पण ती मान खाली घालून ऐकत होती. मला वाटलं, आता ही चर्चमधली बाई उठून मला जवळ घेईल, क्षमा वगैरे म्हणेल.

"मी रागावलेय," ती म्हणाली. "उद्या सकाळपर्यंत तरी रागावलेलीच असेन. क्षमा करणं मला पटकन जमत नाही, मला त्याला वेळ लागतो. तू चहा करत होतीस ना? कर." आणि थांबून म्हणाली, "पण ज्या बाईचा डोळा गेला तिला सोडून तू हे मला का सांगतेयस?"

तिनं विमानाचं तिकीट दोन दिवसांनी पुढे ढकललं. गंगव्वाच्या ओसरीवर ती माझ्या शेजारी बसली, मधे पडली नाही, माझा हातही धरला नाही. मी गंगव्वाला सांगितलं. तुझं बोलणं मी पोचवलं नाही. पोचवलं असतं तर तेव्हाच दवाखान्यात नेलं असतं, डोळा राहिला असता.

गंगव्वा जमिनीवर बोट फिरवत राहिली. "मीच म्हटलेलं न्हवं, सांगू नकासा म्हणून?" ती म्हणाली. "तुमी माजं ऐकलासा." मला जरा हायसं वाटलं, आणि तेवढ्यात ती पुढे म्हणाली, "पर आक्का, मी अडाणी बाई. तुमी शिकलेल्या. माजं कशाला ऐकलासा?"

मॉलीनं विचारलं, "काय म्हणाली?" मी जसंच्या तसं सांगितलं. थेंबांची बाटली काढून मॉली गंगव्वाला शिकवत बसली, मान कशी मागे टाकायची, खालची पापणी कशी ओढायची. दहादा करून घेतलं.

न येण्याचा निश्चय तिनं पाळला नाही. आणखी एक हिवाळा आली. मग कोरोनात सगळ्या जगाचंच येणंजाणं बंद झालं, आणि नंतर तिचं वय आडवं आलं. पण इकडच्या बस सुरू झाल्यावर दर पंधरवड्याला तिचा व्हिडिओ कॉल येई. मी फोन घेऊन गंगव्वाकडे जाई. राजकारण, हवामान, तब्येत असलं काही नाही. गंगव्वानं पडद्यासमोर थेंब घालून दाखवायचे आणि मल्लव्वानं बघायचं, एवढाच कार्यक्रम. क्षमेबद्दल आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. एकदा मात्र फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "टीचर, गेल्या मंगळवारी माझ्या लक्षात आलं, माझा राग गेलाय. कधी गेला ते कळलं नाही." मी परतीच्या बससाठी अळणावरच्या स्टँडवर उभी होते. तिथंच रडले.

गेल्या वर्षी तिच्या मुलीचं पत्र आलं. आतड्याचा कॅन्सर. चार महिने. औषधांनीही दुखणं आवरत नव्हतं, शेवटी शेवटी आई ओरडायची, असं तिनं स्वच्छ लिहिलं होतं. आईचीच लेक ती.

मी खेड्यात गेले. गंगव्वा ओसरीवर होती. मी तिला सांगितलं, मल्लव्वा गेली. मग डाव्या डोळ्याच्या टापूत मी यावं म्हणून मान वळवून वळवून तिनं माझा चेहरा शोधला.

"तरास झाला काय ओ तिला?"

झोपेतच गेली, हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. आपण सगळे तेच म्हणतो.

"झाला," मी म्हटलं. "चार महिने. फार दुखलं तिला, गंगव्वा. ओरडायची."

गंगव्वानं माझा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. म्हणाली, "बरं केलासा सांगितलासा. आता मला नीट रडता येतंय."