चांद कागदीने बिघडवलेली गाडी

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्या माणसाला मी दुकानाच्या पायरीवर बसू देत नाही. जुन्नरला माझं सायकलचं दुकान आहे. पंक्चर काढायला आलेला माणूस पंक्चर निघेपर्यंत बसतो, आणि तेवढ्यात त्याला कुठल्या तरी पिंपळाखालची बाई आठवते. मी सरळ सांगतो, बाबा, बाईचं राहू दे, हवा भरून घे आणि वाटेला लाग. तेव्हा मी, कुशाबा, हे हौसेनं सांगत नाहीये. चांदनं राजुरीत करणी केली असं लोक अजून बोलतात आणि ते ऐकून माझं टाळकं सटकतं, म्हणून सांगतो.

चांद कागदी माझा शेजारी. आमच्या दोन दुकानांच्या मध्ये नुसता एक पत्रा, त्याच्याकडं शिंक आली तर माझ्याकडं ऐकू यायची. त्याचे वाडवडील हातकागद करायचे. जुन्नरचा कागद एकेकाळी लांब लांब जायचा म्हणे. चांदच्या वाट्याला त्यातलं आडनाव आलं आणि ट्रंकभर कोरा कागद आला. धंदा मात्र त्यानं दुरुस्तीचा धरला. रेडिओ, टेप, घड्याळं, मिक्सर, जे येईल ते. स्वभावानं लई काटेकोर माणूस. एक स्क्रू मनासारखा मिळेना म्हणून एकाचा टेप त्यानं महिनाभर अडकवून ठेवला होता. गिऱ्हाईक शिव्या घालायचं, मीपण घालायचो. पण त्याच्या हातून वस्तू दुरुस्त न होता परत गेली असं तीस वर्षांत एकदाही झालं नव्हतं. त्याचा त्याला गर्व होता, तोंडानं कधी बोलला नाही तरी.

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात राजुरीहून एक म्हातारा-म्हातारी एसटीनं आले. म्हातारीला दिसत नव्हतं, काचबिंदूनं डोळे गेले होते. नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून ती दुकानात शिरली, स्टुलावर बसली आणि मांडीवरचं फडकं सोडलं. आत रिमोटवर चालणारी मोटार होती. हातभर लांब, मोठ्या खरबरीत चाकांची, रंग उडालेली.

"भाऊ, ही माझ्या सयाजीची गाडी," ती म्हणाली. तिचं नाव प्रयागबाई, म्हाताऱ्याचं सावळाराम. सयाजी त्यांचा एकुलता एक. भोसरीला कंपनीत फिटर होता. मशिनरी बसवायला आलेल्या एका जपानी साहेबानं परत जाताना आपली जुनी गाडी त्याला दिली. सुट्टीला आला की सयाजी अंगणात ती पळवायचा. एक्याण्णवच्या वैशाखात बापाशी भांडून तो घरातून निघून गेला. त्यानंतर चिठ्ठी नाही, निरोप नाही.

"आता बारा वर्सं झाली," प्रयागबाई म्हणाली. "भावकी म्हनती, बारा वर्सं पत्ता न्हाई म्हंजी मानूस गेला धरायचा, पळसाच्या पानांचं मानूस करा आन त्याचं दहन करून मोकळं व्हा. मी म्हनते, ही गाडी चालली तर माझं पोर जितं हाय. मग कुनी पळसाला हात लावायचा न्हाई. आन न्हाई चालली, तर करा तुमाला काय करायचं ते."

पत्र्याच्या फटीतून मी बघत होतो. सावळाराम जमिनीकडं बघत होता. मी मनात म्हटलं, झालं का आता, एका खेळण्यावर माणसाचं जगणं-मरणं ठरवायला निघाल्या बाई. पण ती ज्या पद्धतीनं बोलली ते ऐकून मला चेष्टा सुचली नाही. तिनं बारा वर्षं त्या पोराला जिवंत ठेवलं होतं आणि आता तिचं कुणी ऐकेना, एवढं मला कळलं.

दुसऱ्या दिवशी चांदनं गाडी खोलली. त्याला अशी वस्तू म्हणजे मेजवानी. मला हाक मारून दाखवायला लागला. एकच मोटर, आणि तिचा जोर पोटातल्या लांब दांड्यानं पुढच्या नि मागच्या दोन्ही चाकांना जातो. जीपसारखं चारही चाकांना बळ. मोटरीच्या टोकाला छोटं दातेरी चक्र, ते मोठ्या चक्राला फिरवतं. दोघांच्या दातांत अंतर नेमकं पाहिजे. घट्ट झालं तर दात खातात, सैल झालं तर नुसती मोटर ओरडते आणि गाडी जागची हलत नाही.

मग त्यानं मागच्या गिअरची डबी उघडली. डबी गाळानं भरलेली होती. बारीक, राखाडी, पाटाच्या तळाला बसतो तसला गाळ. चांदनं बोट घातलं आणि माझ्यापुढं धरलं.

"बघ राव," तो म्हणाला, "ओला हाय."

फळीवर बारा वर्षं पडलेली गाडी, बाहेर रणरणतं ऊन, आणि आतला गाळ ओला. मी म्हटलं, ग्रीस असेल. चांद म्हणाला, ग्रीस मला ओळखू येतं. मला त्याचा रागच आला, कारण ते ग्रीस नव्हतं हे मलाही दिसत होतं. त्यानं गाळ काढून डबी रॉकेलनं धुतली आणि उन्हात ठेवली. सकाळी पुन्हा तिच्यात गाळ होता, थोडा, नखभर. तीन दिवस तेच चाललं. गाडी तो संध्याकाळी भिंतीकडं तोंड करून ठेवायचा आणि सकाळी ती दाराकडं तोंड करून असायची. मी म्हटलं, उंदीर.

चौथ्या दिवशी सावळाराम एकटाच आला. चांदनं त्याच्यापुढं कागदावर जमवलेला गाळ ठेवला आणि एवढंच विचारलं, "आबा, ही गाडी पाण्यात कवा गेली?"

म्हातारा स्टुलावर बसला.

"मी टाकली," तो म्हणाला. "कांदा उघड्यावर पडला व्हता, आभाळ आलं व्हतं, आन ह्यो गाडी पळवत बसला व्हता. डोकं फिरलं माझं. गाडी उचलली आन भरल्या पाटात फेकली. त्यो म्हनला, आबा, आनतो मी. मी मागं वळून न बगता घरी आलो. हिनं इचारलं, सयाजी कुटंय, तर म्हनलं, गेला रागावून. मला वाटलं, यील घटकाभरानं. त्यो आलाच न्हाई."

तीन दिवसांनी पाटाचं पाणी बंद झालं. गाडी खालच्या गेटापाशी रुतलेली सापडली. सयाजी सापडला नाही. काठावर हात धरायला गवताची काडी नाही असला सिमेंटचा पाट तो. कुठं मढं लागल्याचं कानावर येतंय का म्हणून सावळाराम चार महिने पाटाच्या कडेनं पार पारनेरपर्यंत हिंडला. बायकोला सांगितलं, पोराला शोधतोय. गाडी वरवर धुऊन फळीवर ठेवली. रोज वाटायचं, आज सांगू. मग एक वर्ष झालं, मग दोन झाली, आणि तोंड कायमचं बंद झालं.

"गाडी चालू करू नका भाऊ," त्यानं चांदचे पाय धरले. "ती न्हाई चालली म्हंजी ही क्रियेला हो म्हनंल. माझ्या पोराला पानी तरी मिळंल. बारा वर्सं तसंच हाय ते."

त्यानंतर दोन दिवस चांद धड जेवला नाही, हे त्याच्या बायकोनं, ताहेरानं मला सांगितलं. मी म्हटलं, अरे यात एवढं काय, दोन तारा तोड आणि दे परत. तो माझ्यावरच खेकसला. "तुला काय, तू पंक्चर काढतोस. तिनं इस्वासानं दिलीय वस्तू." शेवटी त्यानं काय केलं असेल? आधी गाडी पूर्ण दुरुस्त केली. न करून त्याला झोपच आली नसती. कॉर्डलेस फोनचे सेल जोडून नवी बॅटरी बांधली. एक चाक धरून दुसरं फिरवून बघितलं, चाकं तेलात असल्यासारखी फिरली. मग ट्रंकेतला आजोबांचा कागद काढला. त्याची पट्टी दोन चक्रांच्या दातांत घालायची, स्क्रू आवळायचे आणि पट्टी ओढून काढायची, ही त्याची रीत होती. एका पदराचा कागद घातला की अंतर बरोबर बसतं. त्या दिवशी त्यानं पट्टीच्या चार घड्या घातल्या. आवळून झाल्यावर मला दाखवलं. दाताला दात लागत नव्हता.

"तीस वर्सांत पयल्यांदा," तो म्हणाला आणि डोळे पुसले. मला त्याची लई कीव आली.

ठरल्या दिवशी माझ्या एम-एटी दुचाकीवर आम्ही राजुरीला गेलो. पोचायला बारा वाजले. वस्तीवर सावलीला कुत्रं नव्हतं, पाखराचा आवाज नव्हता. पाटाला आवर्तनाचं पाणी सुटलं होतं, त्याचा घुमल्यासारखा आवाज तेवढा येत होता. भावकीतलं कुणी नव्हतं. प्रयागबाई उंबऱ्यावर बसली होती, सावळाराम खांबाला टेकून उभा होता.

चांदनं गाडी अंगणात ठेवली, रिमोटची एरियलची काडी लांब केली आणि कळ दाबली. मोटर किंचाळली. चाकं हलली नाहीत. पुन्हा दाबली, पुन्हा तेच. प्रयागबाई कान देऊन ऐकत होती आणि तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला. कुणाच्या घरात एवढं दुःख चाललंय आणि आपण चोरासारखे उभे आहोत, असं मला झालं.

"न्हाई चालत, मावशी," चांद म्हणाला. त्यानं रिमोट बंद केला, काडी आत ढकलली.

मोटर थांबली नाही.

तिचा आवाज खाली आला, जड झाला, आणि चारही चाकं एकदम फिरली. गाडी अंगणातून सरळ निघाली, बांधाच्या फटीतून बाहेर पडली आणि बैलगाडीच्या चाकोरीनं पाटाकडं चालू लागली. पळत नव्हती. आंधळ्या माणसाला आवाजावरून मागं येता यावं, इतक्या बेतानं चालली होती. प्रयागबाई काठी न घेता उठली आणि तिच्या मागं निघाली. एकदासुद्धा ठेचकाळली नाही. सावळाराम आणि आम्ही दोघं तिच्या मागोमाग गेलो. चांदनं रिमोटमधले सेल काढून हातात घेतले होते, ते मी या डोळ्यांनी बघितलं. माझ्या अंगावर काटा आला तो पार घरी जाईपर्यंत गेला नाही.

पाटाच्या अगदी कडेला गाडी थांबली. मोटर बंद पडली. प्रयागबाई दोन पावलं मागं उभी राहिली. खाली पाणी काठोकाठ वाहत होतं. तिनं मान वळवली, आणि सावळाराम नेमका जिथं उभा होता तिकडं तोंड केलं.

"त्या दिशी पानी किती व्हतं?"

"आजच्याइतकंच," सावळाराम म्हणाला.

"मी रोज दोन भाकरी जादा टाकल्या," ती म्हणाली. "यील, उपाशी असंल म्हनून. तुमी शेजारी बसून जेवत व्हता. रोज बगत व्हता."

म्हातारा मटकन खाली बसला. ती त्याला आणखी काही बोलली नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

चांदनं गाडी उचलून उलटी केली आणि खिशातली चार घड्यांची पट्टी त्या दोन चक्रांमध्ये सरकवली. पट्टी कुठंही न अडकता पलीकडं निघाली. त्यानं दोनदा करून बघितलं. नंतर तो मला म्हणाला होता, रिमोट बिनसला तर मोटर आपोआप चालेल, असल्या जुन्या रिमोटच्या गाड्यांना तसं होतं, पण दाताला दात लागत नसेल तर चाक फिरणार कसं, तेवढं सांग.

"चांदभाऊ," प्रयागबाईनं विचारलं, "गाडी नीट केली व्हती का तुमी?"

चांदला खोटं बोलता आलं असतं. "न्हाई मावशी," तो म्हणाला. "आबांनी सांगितलं, म्हनून बिघडवून आनली."

"मग चालवली कुनी?"

पाट वाहत होता. तिनं आमच्या उत्तराची वाट बघितली नाही. काठावर मांडी घालून बसली, हात पुढं करून गाडी मागून घेतली आणि पदरात ठेवली.

"पळसाची पानं आना," ती नवऱ्याला म्हणाली. "मी हितंच बसते. बारा वर्सं एकटं व्हतं माझं लेकरू, आता त्याला सोडून मी घरी येनार न्हाई."

सावळाराम उठला आणि पानं आणायला गेला. आम्ही दोघं तिच्या शेजारी उन्हात बसून राहिलो.