सहा मशीनची हवा
परवा शेजारचा गाळा उघडला आणि कॉम्प्रेसरच्या गरम तेलाचा वास आला, तेव्हा गोखिवऱ्यातल्या माझ्या कारखान्यातला तो सोमवार आठवला. आमच्याकडे पत्रा कापून डब्यांची झाकणं बनवणारी सहा मशीनं होती, सगळी हवेच्या दाबावर चालणारी. हवा दाबून देणाऱ्या जुन्या कॉम्प्रेसरची हवा चारांनाच पुरायची, म्हणून बायका मशीन दाबण्याआधी "हवा घेते गं" असं ओरडायच्या आणि बाकीच्या हात थांबवायच्या. त्या सोमवारी बसणारा नवा टू-स्टेज स्क्रू कॉम्प्रेसरही पुरला नाही, तर दोन मशीनं विकून दोघींना घरी पाठवायचं मी ठरवलं होतं, आणि त्या दोघींना ते माहीत होतं. बसवायला आलेला मेकॅनिक म्हणाला, "मॅडम, हा हवा एका दमात दाबत नाही. आधी थोडी दाबतो, थंड करतो, मग उरलेली दाबतो. मोटर तेवढीच, हवा जास्त." सहाही मशीनं सुरू झाली. त्या दोघींतली मोठी सवयीनं ओरडली, "हवा घेते गं." तिच्या शेजारची म्हणाली, "घे की, कोण अडवतंय?" आणि कोणीच थांबलं नाही. सहाही मशीनचे पत्रा कापणारे दट्टे एकदम खाली आले, तरी दाबाचा काटा तसूभर हलला नाही. डोळ्यांना न दिसणारी हवा एवढं लोखंड हलवत होती. "ताई, उद्या येऊ ना?" मोठीनं विचारलं. "वेळेवर या," मी म्हणाले. यंत्राला हात जोडणारी मी नाही, पण आजही सहाही दट्टे एकदम खाली येताना दिसले, की मी हातातलं काम सोडून बघत राहते.